पिना सोडवणारे डॉक्टर दाते

दाढेत इंजेक्शन दिल्यावर ती बधिर व्हायला थोडा वेळ जावा लागतो. तेवढ्या वेळात दातांचे इतर डॉक्टर काय करतात मला माहीत नाही. आमचे डॉक्टर दाते मात्र जिना उतरून रस्त्यावर जायचे आणि कुणाच्या तरी मोटारीत, डॅशबोर्डच्या खाली, डोकं खुपसून झोपायचे.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते तसंच. म्हणजे त्यांना नाही, त्यांच्या बुटांना. करोल बागेत मोटारींच्या सामानाची जी गल्ली आहे, तिथे एका दुकानाच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. अर्धा चेहरा बधिर, गळ्यात प्लास्टिकचा फडका, अशा अवस्थेत मी खुर्चीत बराच वेळ पडून होतो. डॉक्टर येईनात. शेवटी उठून गॅलरीत गेलो तर खाली एका नव्याकोऱ्या गाडीच्या उघड्या दारातून तपकिरी, चकचकीत पॉलिश केलेल्या बुटांचा जोड बाहेर आला होता. आतून आवाज येत होता, "खींचो मत! अरे, खींचो मत! उसकी जीभ अभी दबी नहीं है!"

मी माझी जीभ चाचपून पाहिली. ती कुठे आहे ते मला कळेना.

थोड्या वेळानं डॉक्टर वर आले. दोनदा साबण लावून हात धुतले, केसावरची धूळ झटकली आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "हं, आ करा." मी आ केला. मग ते काहीबाही बोलत राहिले. मी वाट पाहत होतो की आता ओढणार, आता ओढणार.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं?" मी कसाबसा बोललो.

"दाढ काढली. मघाशीच. अहो, ओढायचं नसतं कधी. सोडवायचं असतं. ओढतात ते अडाणी."

त्यांच्याबद्दल मला आदर वाटायला लागला तो त्या क्षणापासून. मग तोंडात कापसाचा बोळा धरून मी पाव तास त्यांचं ऐकून घेतलं. तोंडात बोळा असलेला श्रोता डॉक्टरांना फार आवडत असे.

दातांचे डॉक्टर आणि आडनाव दाते, यात त्यांचा स्वतःचा काही दोष नव्हता. उंच, सडपातळ, साठीला टेकलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे यांच्या तीन-चार बारीक सळया. दिल्लीत आयुष्य गेल्यामुळे मराठीत 'बिल्कुल' आणि 'अच्छा' मुबलक, पण 'ण' आणि 'ळ' शाबूत. बोलता बोलता कळलं की आम्ही नोएडात एकाच सोसायटीत राहतो. ते बी ब्लॉकमध्ये, आम्ही डीमध्ये. माझी बँकही करोल बागेतच. "मग बसनं कशाला येता? माझ्या गाडीतून चला," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून निजामुद्दीनचा पूल, आयटीओ, कनॉट प्लेस असा आमचा रोजचा संयुक्त प्रवास सुरू झाला.

ते दिवसच गाड्यांचे होते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही होतो तेव्हा सगळ्या ब्लॉकमध्ये मिळून एखादी मोटार, बाकी स्कूटर. मग बाजार उघडला, यमुनेपलीकडे शेतांमधून सोसायट्या उगवल्या आणि बघता बघता पार्किंगवरून भांडणं व्हायला लागली. गाडी आली की पाठोपाठ हौस आली. स्टिरिओ हवा, काचा बटणानं खाली गेल्या पाहिजेत, सगळी दारं एकदम बंद झाली पाहिजेत. हे सगळं बसवायला दिल्ली करोल बागेत यायची. आणि करोल बागेतले फिटर काय करायचे? तारा कापायचे, पिळायचे आणि वरून काळी टेप गुंडाळायचे. गाडी बाहेरून नवरीसारखी, आणि पोटात मलमपट्टी.

डॉक्टरांच्या गाडीचंही तेच झालं होतं. स्टिरिओ बसवून घेतला आणि हॉर्न दाबला की वायपर चालायला लागला. ते तडक दवाखान्याखालच्या शकीलकडे गेले. शकील म्हणजे त्या गल्लीतला सगळ्यांत नावाजलेला फिटर, पस्तिशीचा, सदा हसतमुख. त्यानं डॅशबोर्ड उघडला आणि डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा तारांचा तो कनेक्टर पाहिला. प्लास्टिकची छोटी पेटी, तिला ओळीनं घरं, प्रत्येक घरात तारेच्या टोकाची एक पितळी पिन बसलेली.

"कुलकर्णी, मला एकदम जबडाच दिसला!" ही कथा सांगताना दर वेळी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात त्यांच्या नकळत सुटायचे आणि मी दार घट्ट धरायचो.

त्या पिनेला, मला आता झोपेतही सांगता येईल, पाठीवर एक नाजूक जिभली असते. पिन घरात सारली की जिभली उचलली जाते आणि अडकते. मग कितीही ओढा, पिन येत नाही. तार तुटते, घर फुटतं, पण पिन येत नाही. समोरून बारीक पातं घालून ती जिभली हलकेच दाबायची, पिन आधी जराशी पुढे सरकवायची, की मग ती आपल्या पायांनी बाहेर येते. शकील चुकीच्या घरात बसवलेली तार पुन्हा कापायला निघाला होता. डॉक्टरांनी त्याचा हात धरला, खिशातून दात तपासायची सळई काढली, आत घातली, आणि टिक.

"त्या टिकमध्ये जे समाधान आहे ना," डॉक्टर म्हणायचे, "ते बिल्कुल वेगळं. माणूस दात काढल्यावर रडतो. पिन रडत नाही."

त्या दिवसापासून दवाखान्यातली झिजलेली एकही वस्तू कचऱ्यात गेली नाही. सळया घासून त्यांची पाती झाली. इंजेक्शनच्या सुयांची टोकं सपाट करून गोल पिनांसाठी नळ्या झाल्या. छत्रीच्या काड्यांनाही त्यांनी कामाला लावलं. पावसात मी त्यांना माझी छत्री देणं बंद केलं, कारण ती परत यायची तेव्हा एखाद्या बाजूनं मान टाकून यायची. प्रत्येक हत्याराला नाव होतं. आखूड टोकाची ती चिमणी. लांब बारीक तो बगळा. दोन पायांचं, दोन जिभल्या एकदम दाबणारं ते खेकडा. दवाखान्याच्या भिंतीवर ही सगळी मंडळी ओळीनं टांगलेली असत. दात काढायची हत्यारं बिचारी खणात.

वाट बघणाऱ्यांच्या बाकावर सुजलेल्या गालांच्या शेजारी हत्यार मागायला आलेले तेलकट हातांचे फिटर बसत. यातून घोटाळे व्हायचे. एकदा एक बाई खुर्चीत आ करून बसल्या होत्या आणि दारातून एका फिटरनं ओरडून विचारलं, "डॉक्टर साब, पीछे का लॉक टूट गया, पूरा जबड़ा बदलना पड़ेगा?" बाई फडक्यासकट जिना उतरून गेल्या. डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. "दाढ त्यांच्याजवळच आहे. येतील परत," ते म्हणाले. आल्याही.

गल्लीत कुणी कातरी उचलली की माडीवरून आवाज यायचा, "काटना नहीं!" बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना वाटायचं की वरती एखादा साधू राहतो.

रविवारी आमच्या सोसायटीत त्यांची फेरी असे. पार्किंगमध्ये हात मागे बांधून फिरायचे, एखाद्या गाडीपाशी थबकायचे, बॉनेटवर टिचकी मारायचे. मालक घाईघाईनं खाली यायचा. डॉक्टर बॉनेट उघडायला सांगायचे ते "आ करा" अशा शब्दांत, आणि पंजाबी मालकांनाही ते कळायला लागलं होतं. एका शेजाऱ्याच्या मुलानं अमेरिकेहून पिना काढायच्या हत्यारांचा खास संच आणला, निळ्या डबीतला. डॉक्टरांनी एकेक उचलून उजेडात धरलं, बोटावर फिरवलं आणि डबी परत दिली. "छान आहे. अच्छा माल आहे," ते म्हणाले. मग जिना चढताना मला हळूच, "पण आपल्या बगळ्याची मान पाहिलीत ना?" त्या दिवशी ते दोन जिने जास्त चढून गेले आणि मग खाली आले.

घरी ते एकटेच असत. दातेवहिनी नोएडाचा फ्लॅट ताब्यात मिळायच्या आधीच गेल्या होत्या. माधुरी, माझी बायको, अधूनमधून त्यांना जेवायला बोलवायची. ते यायचे, पोटभर जेवायचे, आणि निघताना आमच्या मिक्सरकडे असं बघायचे की माधुरी मिक्सरच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची.

आता पानिपतचं सांगतो.

संक्रांतीला दिल्लीतली बरीच मराठी माणसं पानिपतला जातात, काला आंबच्या स्मारकाला. त्या वर्षी आम्हीही निघालो. डॉक्टरांची गाडी, पुढे मी, मागे माधुरी आणि मांडीवर तिळगुळाचा डबा. सकाळी लवकर निघालो. सोनिपत मागे पडलं आणि धुकं आलं. दिल्लीकरांना धुकं नवीन नसतं, पण हे धुकं म्हणजे कुणीतरी काचेवर चादर टाकावी तसं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून आम्ही गोगलगाईसारखे चाललो होतो.

आणि गाडीचे सगळे दिवे गेले. पुढचे, मागचे, सगळे.

डॉक्टरांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. कडेला म्हणजे किती कडेला, ते दिसत नव्हतं. मागून ट्रकांचे भोंगे ऐकू येत होते आणि आमची राखाडी गाडी त्या राखाडी धुक्यात कुणालाही दिसणार नव्हती. माधुरी उतरली, अंगावरची लाल शाल काढली आणि गाडीच्या बरीच मागे जाऊन, रस्त्याच्या काठावर उभी राहून ती जोरजोरात हलवायला लागली. मी तिच्याकडे धावलो.

"तुम्ही डॉक्टरांकडे जा!" ती ओरडली. "त्यांना म्हणावं, लवकर करा!"

डॉक्टर एव्हाना नेहमीच्या जागी गेले होते. बूट दाराबाहेर, डोकं स्टिअरिंगखाली, दातांत टॉर्च.

"दिव्यांच्या कनेक्टरमधली पिन मागे सरकलीय," टॉर्चच्या बाजूनं ते म्हणाले. "हादऱ्यांनी. जिभली चपटी झालीय, बिचारीला धरवत नाही."

"मग कापा आणि जोडा, डॉक्टर! आजच्या दिवस कापा!"

त्यांनी टॉर्च तोंडातून काढला. "कुलकर्णी," ते म्हणाले, "थंडीत तार कडक झालीय, टोक आखूड आहे. कापली आणि पिळताना तुटली, तर पुन्हा जोडायला काही उरणार नाही. दोन मिनिटं द्या मला. आणि माझ्या पायांवर पांघरूण घाला, थरथरतायत."

थरथरत होते खरेच. मी माझा कोट त्यांच्या पायांवर टाकला. तेवढ्यात मागे ब्रेकची किंकाळी ऐकू आली. एक ट्रक माधुरीच्या पलीकडे तिरका होऊन थांबला होता. ड्रायव्हर, एक थोराड सरदारजी, खाली उडी मारून आला. माधुरी उभी होती. शाल अजून हलवतच होती.

"काट के जोड़ दो जी, दो मिनट का काम है," आमची अवस्था पाहून सरदारजी म्हणाले आणि पक्कड घेऊन पुढे झाले.

"काटना नहीं!" डॅशबोर्डखालून गर्जना झाली. सरदारजींचा हात जागच्या जागी थांबला.

डॉक्टरांनी बगळा आत घातला. पिन बाहेर आली. चिमणीच्या टोकानं त्यांनी ती जिभली हळूच उचलून उभी केली, अगदी लहान मुलाचा दात बघावा तसं, आणि पिन पुन्हा तिच्या घरात सारली. टिक. एवढ्या भोंग्यांत, एवढ्या धुक्यात तो आवाज आम्हां तिघांनाही ऐकू आला. दिवे लागले. समोरच्या धुक्यात दोन पिवळी भोकं पडली आणि मागे माधुरीची शाल तांबडीलाल झाली.

सरदारजींनी वाकून ती सळई पाहिली, डॉक्टरांना हाताला धरून उठवलं आणि मिठी मारली. "डॉक्टर साब, आप आगे चलो," ते म्हणाले. "हम आपकी बत्ती देख के आएँगे." त्यांच्या मागे आणखी ट्रक थांबले होते. तेही निघाले. अशा रीतीनं नोएडाच्या एका दंतवैद्याच्या मागे ट्रकांची अख्खी फौज रांगेनं, शिस्तीत, भोंगे न वाजवता पानिपतात शिरली. इतिहासात आमचं तिथे जे व्हायचं ते झालं. पण त्या सकाळी पानिपतात मराठी माणूस जिंकूनच गेला, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. स्मारकापाशी डॉक्टर हात जोडून उभे राहिले तेव्हा त्यांच्या कपाळावर ग्रीस होतं. माधुरीनं ते पुसू दिलं नाही.

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. ज्यांनी ऐकली नव्हती त्यांना सांगितली, ज्यांनी ऐकली होती त्यांना पुन्हा सांगितली. शेवटी आमच्या महाराष्ट्र मंडळानं रथसप्तमीच्या कार्यक्रमात डॉक्टरांचा सत्कार ठरवला. डॉक्टर आधी लाजले, मग म्हणाले, "माझी माणसं आली तर चालतील ना?" आम्हाला वाटलं, नातेवाईक असतील. संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये करोल बागेतले चार फिटर आले. स्वच्छ शर्ट, तेल लावून बसवलेले केस. सगळ्यांत मागच्या रांगेत दबकून बसले. मी यजमान म्हणून शकीलच्या शेजारी जाऊन बसलो.

तिळाचे लाडू वाटले गेले. शकीलनं लाडू फोडला, त्याचे लहान लहान तुकडे केले आणि एकेक तुकडा कष्टानं तोंडात सारायला लागला. त्याचं तोंड पुरतं उघडत नव्हतं.

"दाँत में दर्द है?" मी विचारलं.

"नहीं साब, अब तो ठीक है," तो म्हणाला. "बस, इतना ही खुलता है." आणि मग स्टेजकडे बघत, खालच्या आवाजात त्यानं सांगितलं ते मी रोज त्या गाडीतून जाऊनही मला ठाऊक नव्हतं.

त्या गल्लीतला जवळजवळ प्रत्येक जण गुटखा खायचा. दातांच्या डॉक्टरकडे त्यांच्यापैकी कुणी कधी गेलं नसतं. पण हत्यार हवं असायचं. आणि डॉक्टरांचा नियम होता, पडद्याआड नेऊन आधी तोंड बघायचं, मगच हत्यार द्यायचं. म्हणून ते एका वेळी एकच द्यायचे. महिन्या-दोन महिन्यांनी नवीन गाडी बाजारात आली, नवीन कनेक्टर आला, की नवीन हत्यार, आणि पुन्हा तोंड. शकीलच्या गालाला आतून पांढरा डाग त्यांना असाच सापडला.

"मुझे सरकारी अस्पताल खुद ले गए," तो म्हणाला. "दवाख़ाना बंद करके. ऑपरेशन के दिन सुबह से शाम बाहर बैठे रहे. होश आया तो मैं नहीं रोया साब, वो रो रहे थे. बोले, शकील, वक़्त पे निकल गया."

स्टेजवर अध्यक्षांनी डॉक्टरांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. डॉक्टर माइकपाशी आले. फिटरांबद्दल, तोंडांबद्दल, शकीलबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. नव्या गाड्यांच्या कनेक्टरना आता दुहेरी कुलूप यायला लागलंय आणि त्यासाठी पातं किती पातळ हवं, यावर मात्र बराच वेळ बोलले. पहिल्या रांगेतल्या बायका जांभया दाबत होत्या. मागच्या रांगेत चौघं फिटर पुढे वाकून एकेक शब्द ऐकत होते. मला टाळ्या वाजवायचंही सुचेना. माधुरीनं कोपरानं ढोसलं तेव्हा वाजवल्या, आणि मग थांबवेनात.

कार्यक्रम संपला. लोक आपापल्या बायकामुलांना शोधत, पिशव्या सांभाळत पांगले. डॉक्टर एकटेच दाराशी उभे होते. माधुरी म्हणाली, "डॉक्टर, आमच्याकडेच जेवायला चला."

"आज नको, वहिनी. ह्यांना करोल बागेत सोडून येतो. तिकडेच खाईन."

"अहो, आपलं घर इकडे, करोल बाग तिकडे! ते बसनं जातील की."

"जातील हो," डॉक्टर म्हणाले. "पण तेवढ्याच गप्पा होतात."

चौघं गाडीत कोंबून बसले. शकील पुढे. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा आत सगळे एकदम बोलत होते, आणि स्टिअरिंगवर बसलेल्या डॉक्टरांनी खांद्यावरची शाल काढलीच नव्हती.